हेटी क्लेगचं आडनाव

"इथं एक सही करायची, खाली तारीख. संपलं काम."

सर लायोनेल ऑटरबींनी घंटाघरातल्या बाकावर कागद उलगडला आणि उडू नये म्हणून वर आपलं पेन ठेवलं. गुरुवारचा सराव नुकताच आटोपला होता. छतातून खाली आलेले सहाही दोर अजून किंचित हलत होते.

"लेन साक्षीदार होईल. सही झाली की तुम्ही हेटी ऑटरबी. कायद्यानं अगदी पक्क्या."

"आणि रविवारी?" हेटीने विचारलं.

"रविवारी दुसरा कागद करू. पुन्हा हेटी क्लेग. मिसेस क्लेग, तीस वर्षं न्यायाधीश होतो मी. इतका निरुपद्रवी कागद माझ्या हातून कधी झाला नसेल."

"घाल की सही, हेटे," तिचा चुलतभाऊ लेन दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला. लेनचं चौकात मटणाचं दुकान होतं आणि त्याचा आवाज सुऱ्याइतकाच मोठा होता. "क्लेगशी लग्न करताना एवढा विचार केला असतास तर ही वेळच आली नसती."

"तू सॉसेजमध्ये काय कोंबतोस त्याचा विचार कर आधी."

सर लायोनेल हसले, पण त्यांची नजर कागदावरून हलली नाही. हेटीने हात एप्रनला पुसले, कागदाची घडी घातली आणि पेन त्यांना परत दिलं. "पेन आहे माझ्या घरी," ती म्हणाली.

थॉरबेक हे यॉर्कशरच्या डोंगरातलं जेमतेम तीनशे उंबऱ्यांचं गाव. जगातले झाडून सगळे ऑटरबी इथूनच बाहेर पडले, असं गावकरी छातीठोकपणे सांगत, आणि ते खोटं पाडायला कुणी आलं नव्हतं. एक ऑटरबी आरमारात मोठ्या हुद्द्याला चढला. एक बिशप झाला. एका ऑटरबी बाईने शेवाळाच्या नव्वद जाती शोधून काढल्या; शेवाळात एवढ्या जाती असतात हे गावाला तेव्हाच कळलं. डेनिस ऑटरबी इंग्लंडकडून चार कसोट्या खेळला. त्यातल्या तीन इंग्लंड हरलं, पण गावात गोष्ट सांगतात ती चौथीची. ऑटरबी मंडळाने या सगळ्यांची पुस्तिकाच छापली होती, एकूण एकेचाळीस नावं. यंदा ऑगस्टमध्ये, त्याच आठवड्याच्या शनिवारी, मंडळाचं संमेलन गावात भरणार होतं. दीडशे ऑटरबी येणार होते, कुठून कुठून, पार कॅनडाहून.

आणि संमेलनाचा कळस म्हणजे घंटा. गावच्या चर्चच्या सहा घंटा सहा ऑटरबींनी वाजवायच्या, दुसऱ्या आडनावाचा माणूस दोराला लागू द्यायचा नाही. घंटा वाजवणाऱ्यांच्या जगात अशा एका आडनावाच्या वाजवणीला फार मान. त्यांच्या साप्ताहिकात ती छापून येते, चर्चच्या भिंतीवर तिची पाटी लागते. पाटी तर रंगवून तयारच होती. वर सोनेरी मथळा, 'सहाही वाजवणारे ऑटरबी', खाली सहा नावांपुरती कोरी जागा. लीड्सच्या दोन ऑटरबी बहिणी वाजवणार होत्या, डेनिस होता, लेन होता, स्वतः सर लायोनेल होते. सहावी हेटी.

हेटी ऑटरबी खरीच, पण माहेरची. सासरची ती एकेचाळीस वर्षं क्लेग होती.

तसं पाहिलं तर गावात घंटा म्हणजे हेटीच. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं दोनशे पोरांचा रोजचा रस्सा आणि पुडिंग केलं आणि दर गुरुवारी, दर रविवारी दोर ओढला. हे काम वरून दिसतं तसं ताकदीचं नाही, डोक्याचं आहे. दर फेरीला घंटांचा क्रम बदलायचा, तोही ठरल्या वाटेनेच, आणि समोर लिहिलेलं काही नसतं. पुकारणारा मधूनच एक शब्द ओरडतो, त्यासरशी सगळ्यांनी वाट बदलायची. बाराशे साठ फेऱ्या, पाऊण तास. वाट चुकली आणि तशीच रेटून नेली, तर खाली ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना पत्ता लागत नाही, पण ती वाजवणी खोटी. खोटी वाजवणी पाटीवर चढवायची नाही, हा दंडक. थॉरबेकमध्ये बिनचूक पुकारू शकेल असं माणूस एकच होतं. ते म्हणजे हेटी; तिला पुकारायला तिच्या बापाने शिकवलं होतं.

त्याच बापाने ती लग्नाला उभी राहिली तेव्हा सांगितलं होतं, "मी जिवंत आहे तोवर या भिंतीवर क्लेग चढणार नाही." स्टॅन क्लेग डोंगरापलीकडचा, म्हणजे लँकशरचा. यॉर्कशरच्या माणसाला एवढा गुन्हा पुरे. त्यात तो चॅपलवाला, म्हणजे वेगळ्या पंथाचा, चर्चची पायरी न चढणारा. आणि काम काय, तर कौन्सिलच्या रस्त्याची गटारं उपसायची. लग्न चॅपलमध्ये झालं. बाप आला नाही. पुढे तो गेला, पण तोवर गावातली जाणती वाजवणारी माणसंही पांगली, आणि पाटी लागावी अशी वाजवणी थॉरबेकमध्ये पुन्हा झाली नाही. भिंतीवर बापाची पाटी होती, आजोबांची होती. हेटीची नव्हती.

तिला ती हवी होती. उगाच खोटं कशाला बोला? बापाच्या नावाशेजारी आपलं नाव असावं असं तिला पंचेचाळीस वर्षं वाटत आलं होतं.

शुक्रवारी सकाळी हेटीने चहाचं भांडं बाजूला सारलं आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सही करून पाहिली. हेटी ऑटरबी. हात अडखळला नाही. शाळेत असताना जशी करायची तशीच झाली, शेवटच्या अक्षराची शेपटी उचललेली. तिने आणखी एकदा केली. मग आणखी एकदा.

दार ढकलून लेन आत आला. त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेलं हॅम होतं.

"सँडविचचं हॅम. पातळ काप, दीडशे तोंडं आहेत," असं म्हणून तो खुर्चीत बसला आणि त्याची नजर वर्तमानपत्रावर गेली. "झाली वाटतं सही."

"हात चालवून पाहत होते."

"छान चालतोय. अगं, कुणाला कळणार आहे? आणि कळलं तरी काय? तू आहेसच ऑटरबी. माझ्या बापाच्या सख्ख्या भावाची पोर."

"ते मला ठाऊक आहे."

"मग अडलंय कुठं?"

हेटीने वर्तमानपत्राची घडी घातली. लेनने चहा ओतून घेतला, तीन चमचे साखर घातली. आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघ, स्टॅन असता ना, तर तोच म्हणाला असता, घाल सही."

"म्हणाला असता की."

"मग?"

"म्हणून तर हात चालत नाही."

लेनला ते कळलं की नाही कुणास ठाऊक. त्याने चहा संपवला, हॅम पातळ कापायचं पुन्हा एकदा बजावलं आणि तो गेला.

स्टॅन तसाच होता. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, सात आठवडे बर्फ पडत राहिला. बापाचं घर गावाबाहेर चढावर. रविवारी घंटा वाजवायला त्याला खाली येता येईना आणि बिनघंटांचा रविवार बापाला सोसवेना. स्टॅनने शनिवारी पहाटे फावडं घेतलं आणि चर्चच्या फाटकापासून बापाच्या दारापर्यंत मैलभर वाट मोकळी केली. संध्याकाळ झाली त्याला. रविवारी बाप त्या वाटेने खाली आला. स्टॅन फावड्याला टेकून कडेला उभा होता. बापाने मानही हलवली नाही. हेटी रडवेली झाली तेव्हा स्टॅन म्हणाला, "अगं, वेळेवर पोचले ना? ऐक, वाजतायत."

पुढे अडतीस वर्षं दर गुरुवारी तो चर्चच्या आवाराबाहेर दगडी कठड्यावर फ्लास्क घेऊन बसे. आत कधी आला नाही, चॅपलवाला तो चॅपलवालाच. पण हेटी खाली उतरली की घरापर्यंत सगळा हिशेब ऐकवायचा. "तिसरी आज मागे पडत होती. लेनच्या दुकानात गर्दी फार झाली वाटतं." नाहीतर, "आज पुकारलंस छान. एक ठोका इकडंतिकडं नाही." दोन वर्षांमागे फेब्रुवारीत तो गेला. त्याचं नाव कुठल्या पुस्तिकेत नव्हतं. जगात क्लेग नावाची एकच गोष्ट उरली होती, ती हेटीच्या नावापुढे होती, आणि तीही एका शनिवारपुरती काढून ठेवा म्हणत होते.

तिने वर्तमानपत्र चुलीत घातलं आणि हॅम कापायला घेतलं.

शनिवारी सकाळी चर्चच्या आवारात नुसते ऑटरबीच ऑटरबी. सगळ्यांच्या छातीला आडनावाची फीत, त्यामुळे कोण कोण आहे ते कुणालाच कळेना. सर लायोनेल दारात उभे होते. हेटीने घडी घातलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलगडला, खाली पाहिलं, मागची बाजूही पाहिली.

"सही राहिली, मिसेस क्लेग."

"राहिली नाही, साहेब. केली नाही. मी वाजवते, पुकारते, म्हणाल तर सहावी जड घंटा घेते. पण नाव क्लेग लागेल."

"मग ती ऑटरबींची वाजवणी राहत नाही."

"नाही राहत."

"पाटी रंगवून झालीये."

"मी पाहिली. अक्षर सुरेख आहे."

सर लायोनेलांनी कागदाची पुन्हा घडी घातली. रागावले असावेत, पण न्यायाधीशाचा चेहरा, दिसू दिलं नाही. "टोरोंटोचा दाताचा डॉक्टर आलाय एक," ते शेवटी म्हणाले. "रॉडनी ऑटरबी. सहावी घंटा दर फेरीच्या शेवटी ठोकत राहायची एवढं जमतं त्याला. पुकारीन मी. तुमच्याइतकं येत नाही, पण पुकारीन. तुमची हरकत?"

"माझी कसली हरकत? घंटा चर्चच्या आहेत."

आणि ती चहाच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली. बातमी आवारात तेवढ्यात फिरलीच. नॉर्विचहून आलेली टोपीवाली बाई, तिची फीत चांगली हातभर लांब, शेजारणीला म्हणाली, "घरच्या नावाची लाज वाटते म्हणे तिला." हेटीने ते ऐकलं. तिने बाईच्या बशीत फ्रूटकेकचा तुकडा ठेवला, त्यावर चीजचा काप ठेवला, आणि म्हणाली, "आमच्याकडं असंच खातात. खाऊन बघा, मग बोला."

अकराला मनोऱ्यातून आवाज आला, "सावध! पहिली निघाली... गेली!" आणि घंटा सुरू झाल्या. आवार चिडीचूप झालं. दीडशे माना वर.

बरं वाजवत होते. पहिली दहा मिनिटं तर हेटीलाही नाव ठेवता आलं नाही. बहिणी घड्याळासारख्या, डेनिसचा हात हलका, लेन नेहमीपेक्षा सावध. डॉक्टर जरा घिसाडघाई करत होता, पण चाललं होतं. आपल्याशिवाय होतंय हे ऐकताना तिला वाईट वाटलं. आणि होऊ दे, असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं, त्याला ती तरी काय करणार?

विसावं मिनिट असेल. हेटी कपात दूध घालत होती. तिचा हात थांबला.

"उशीर झाला," ती पुटपुटली.

सर लायोनेलांनी पुकारा एक ठोका उशिरा दिला होता. चौघांनी वाट बदलली, एकाला वाटलं आता पुढच्या फेरीला. दोन घंटांच्या जागा आपसात बदलल्या. एकदा जरा खडखडलं, मग पुन्हा सगळं सुरळीत वाजू लागलं. टोपीवाली बाई डोळे मिटून डोलत होती. कुणालाही काही कळलं नव्हतं. एवढ्या आवारात ते हेटीला एकटीलाच कळलं, आणि वर ज्याने पुकारलं त्याला.

आता रेटतील, हेटीच्या मनात आलं. सोनेरी मथळा तयार आहे, दीडशे माणसं खाली उभी आहेत, कोण थांबेल? चार फेऱ्या गेल्या. पाच गेल्या. दुधाचं भांडं तिने घट्ट धरून ठेवलं होतं. बापाच्या पाटीशेजारी खोटी वाजवणी लागणार. सही केली असती तर बरं झालं असतं का, हेही तिने स्वतःला विचारलं.

"थांबा!"

वरून आवाज आला. घंटा एकामागून एक थांबल्या. लोक गोंधळले, कुणी टाळ्याच वाजवायला लागलं. हेटीने भांडं खाली ठेवलं. "शाब्बास," ती म्हणाली. शेवटी रक्त ऑटरबीचं, आणि त्या क्षणी त्या रक्ताचा तिला जेवढा अभिमान वाटला तेवढा आरमारवाल्याचा किंवा बिशपचा कधी वाटला नव्हता.

सर लायोनेल जिना उतरून आले. कोट काढलेला, शर्ट घामाने चिंब. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मंडळी, वाजवणी खोटी झाली. चूक माझी, दुसऱ्या कुणाचीही नाही." मग ते चहाच्या टेबलाशी आले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तुमच्या तोंडून शब्द निघाला तेव्हाच. पाच फेऱ्या वाट पाहिलीत."

"सहा," ते म्हणाले. "मोह मोठा होता, मिसेस क्लेग." त्यांनी रुमालाने मान पुसली. "डॉक्टरच्या तळहाताला फोड आलेत. बाकीचे चौघे वर दोर धरून उभे आहेत. तुम्ही याल का?"

"नाव?"

"तुमचं जे आहे ते."

"आणि मथळा?"

"खरवडून टाकू. रंगच आहे."

"पण साहेब, हे सगळे लोक..."

"हे सगळे लोक घंटा ऐकायला आलेत," असं म्हणून ते टोपीवाल्या बाईकडे वळले. "मॅडम, हा चहा जरा तुम्ही सांभाळाल?"

हेटीने एप्रन सोडून बाईच्या हातात दिला.

वर लेनने तिला पाहिलं आणि तो म्हणाला, "आलीस? पहिलं पुडिंग करपलं, हेटे. आता तूच कर."

"गप्प, आणि तिसरीवर लक्ष ठेव. मागे पडतोस."

तिने सहावीचा दोर घेतला, सगळ्यांत जड घंटेचा, बापाच्या हातातला. सगळ्यांकडे एकवार पाहून घेतलं. एकतीस वर्षं शाळेची पातेली उचललेले दंड होते ते, वजनाला भीत नव्हते. "सावध," ती म्हणाली.

पाऊण तास आवारातलं कुणी हललं नाही म्हणतात. टोपीवाल्या बाईने चहा ओतायचंच सोडलं. हेटीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती फक्त घंटा मोजत होती आणि वेळेवर शब्द टाकत होती. डेनिस एकदा वाट चुकू लागला, तिने नुसती मान वळवून डोळ्यांनी त्याला जागेवर आणलं. एक ठोका इकडंतिकडं झाला नाही. बाराशे साठावी फेरी पडली, तिने "थांबा" म्हटलं आणि घंटा थांबल्यावर जी शांतता झाली तिच्यात डेनिस ऑटरबी म्हणाला, "कसोटीत असं काही जमलं असतं तर आम्ही हरलो नसतो."

सर लायोनेलांनी तिथेच वही उघडून नावं लिहिली. पहिल्या पाच ओळींत ऑटरबी. सहाव्या ओळीत 'हेटी क्लेग' आणि पुढे 'पुकारणारी'. लिहून झाल्यावर त्यांनी वही तिच्यापुढे धरली, कोर्टात साक्षीदारापुढे जबानी धरावी तशी. तिने वाचली आणि मान हलवली.

पाटी लागली ती ऑक्टोबरात, बापाच्या पाटीच्या शेजारी. मथळ्याच्या जागी आता नुसती तारीख आणि गावाचं नाव होतं. लेन आणि हेटी ती बघायला वर गेले. हेटीने चष्मा लावून वरपासून वाचत वाचत शेवटची ओळ गाठली. मग चष्मा काढला आणि एकेक पाऊल मागे सरकत ती दारापर्यंत गेली. तिथूनही नाव स्वच्छ वाचता येत होतं.

स्टॅनला चर्चच्या आत कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्याला मान न देणारा सासरा आता त्याच्या नावाला खेटून होता, आणि दोघांनाही हलायला जागा नव्हती. हेटीला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीही आलं. तिने ते लपवलं नाही.

"मग, आहे ना मनासारखं?" लेनने विचारलं.

"जरा उंच लावलीये."

"उंच? अगं, बरोबर तुझ्या बापाच्या पाटीइतकी आहे."

"ती बापाची मी दर आठवड्याला चवड्यांवर उभी राहून पुसते. आता दोन झाल्या. चवडे नाही पुरायचे."

पुढच्या गुरुवारी सरावाला येताना तिने घरून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. बेचाळीस पायऱ्या ते तिने स्वतःच वर नेलं. लेनने हात पुढे केला होता, पण तिने दिलं नाही.